फणसाच्या पानांतील खोट्टे
गोकुळाष्टमी, गणेशचतुर्थी अशा सणांत मंगळूरकडील कोकणी सारस्वतांच्या घरी फणसाच्या पानांच्या द्रोणांत इडलीचे पीठ वाफवितात. त्यांस खोट्टे म्हणतात. आपल्या बडोद्यात पळसाचा पडिया पंगतीपुरताच; तेथे द्रोण हेच शिजविण्याचे भांडे. चार रुंद पाने फुलीसारखी मांडून मध्यभागी नारळीच्या हिराने टाचतात, मग लगतच्या कडा उचलून एकमेकींना जोडतात. सारी परीक्षा येथेच! फट राहिली की पीठ गळालेच. एक भाग उडदाची डाळ व दोन भाग तांदळाचा रवा यांचे रात्रभर आंबविलेले पीठ पाऊणच भरावे, कारण ते वाफेने फुगते. अर्ध्या तासात पानाचा गंध इडलीत उतरतो. ती हिंग घातलेल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत बुडवून खावी. सांबार मात्र मला त्या गंधाचा वैरी वाटतो.