वाहन आणि वाहक (लेखांक १४) : खोगीरभरती

गेल्या आठवड्यात चाकाच्या लोखंडी धावेविषयी लिहीन असे वचन देऊन मी वाचकांचा निरोप घेतला होता, आणि त्या विषयाचे टिपणही सिद्ध होते. परंतु सोमवारच्या टपालाने मिरजेहून एका वाचकभगिनींचे पत्र आले, आणि ते वाचल्यापासून धावेकडे चित्त लागेना. बाईंच्या वडिलांचा टांगा मिरज स्टेशन आणि गाव यांच्या दरम्यान चालत असे, आणि त्यांचे बालपण त्या टांग्याच्या घोडीच्या संगतीत गेले. कुमाईत रंगाच्या त्या घोडीच्या पाठीवर, खोगीर बसे त्या जागी, कण्याच्या दोन्ही अंगांना जुन्या रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके होते. वडील त्यांना लक्ष्मीची पावले म्हणत, आणि दसऱ्याला घोडीची पूजा होई तेव्हा आई हळदकुंकवाचे बोट त्या ठिपक्यांनाही लावी. अश्वलक्षणांच्या ग्रंथांत अशा चिन्हाला काय नाव आहे आणि त्याचे फळ कोणते सांगितले आहे, अशी बाईंची पृच्छा आहे.

लक्षणांना आपल्याकडे तोटा नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत, नकुलाच्या नावावर असलेल्या अश्वशास्त्रात आणि जयदत्ताच्या अश्ववैद्यकात घोड्याचा वर्ण, त्याचे दात, अंगावरील भोवरे आणि त्यांची शुभाशुभ स्थाने यांचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आहे, आणि गावोगावचे सालोत्री व घोड्यांचे सौदागर ते ज्ञान, कधी शुद्ध तर कधी भेसळ होऊन आलेले, तोंडपाठ म्हणून दाखवीत. परंतु बाईंनी वर्णिलेले ठिपके त्या सदरात मोडत नाहीत. ती घोडी ते ठिपके घेऊन जन्मली नव्हती. ते बऱ्या झालेल्या घावांचे वण होते. हे लिहिताना माझा हात जड झाला, कारण ज्या खुणेला हळदकुंकू वाहताना एका मुलीने आपल्या आईला पाहिले, त्या खुणेचा असा खुलासा करणे सुखाचे नाही. तथापि प्रश्न मनापासून विचारलेला आहे, तेव्हा उत्तरही खरे दिले पाहिजे.

कातडीवर एखादा टणक भाग दाबून राहिला म्हणजे तेवढ्या जागेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्ताचा पुरवठा थांबतो. दाब घटकाभराचा असेल तर ओझे उतरल्यावर जागा थोडी सुजून पुन्हा पूर्ववत होते. पण तोच दाब रोज त्याच जागी पडू लागला, आणि त्याच्या जोडीला घाम, धूळ व घर्षण आले, तर केस झडतात, कातडी सोलवटते आणि अखेर व्रण पडतो. व्रण भरून आला तरी केसाच्या मुळाशी रंग निर्माण करणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. मूळ जिवंत असल्यामुळे केस उगवतो, परंतु तो पांढरा उगवतो आणि पांढराच राहतो. घाव याहून खोल गेला असेल तर केसही उगवत नाही. म्हणूनच घोडा विकत घेणारा जाणता इसम नुसते दात पाहून समाधान मानीत नाही. तो खोगीर उतरवायला लावतो आणि पाठीवरून उलटा हात फिरवून पाहतो.

या खुणांच्या जागा वाचता येऊ लागल्या म्हणजे घोड्याची पाठ हा एक दस्तऐवज होतो. खूण नेमकी कण्यावर असेल तर खोगिराच्या दोन गाद्यांमधील पन्हळ बुजली होती असे समजावे, कारण खोगिराला दोन स्वतंत्र गाद्या करतात त्या कण्याला स्पर्शही होऊ नये एवढ्याचसाठी. ती एकाच अंगाला असेल तर खोगीर तिरपे बसत होते, किंवा त्या बाजूची भरती दबली होती; कोपरामागे असेल तर तंग मळलेला अथवा अतिशय आवळलेला होता; शेपटीच्या मुळाशी असेल तर दुमचीचा दोष, छातीवर असेल तर छातीपट्ट्याचा. आणि मिरजेच्या घोडीप्रमाणे कण्याच्या दोन्ही अंगांना, सारख्या अंतरावर, सारख्या आकाराच्या खुणा असतील तर खोगिराचा आतला सांगाडा त्या दोन बिंदूंवर भरती विरल्यामुळे खाली उतरला होता, आणि वरून त्याच्यावर पुष्कळ दिवस भार पडत होता, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

हा भार आला कोठून, हे समजण्यासाठी टांगा आणि व्हिक्टोरिया यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. चारचाकी व्हिक्टोरियाचे वजन तिची चाकेच तोलून धरतात. घोड्याने ती ओढावयाची एवढेच, त्यामुळे तिच्या घोड्याच्या पाठीवरील गादी मुख्यतः पट्टे जागच्या जागी ठेवण्यापुरती असते. टांग्याला चाके दोन, म्हणून टांगा हा एक तराजू आहे. आसाच्या मागे काही उतारू, पुढे टांगेवाला आणि उरलेले उतारू, आणि पुढे निघालेल्या दांड्या खोगिराच्या पट्ट्यांत अडकवलेल्या. मागचे अंग जड झाले तर गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर ओढू लागतो. पुढचे अंग जड झाले तर दांड्यांच्या वाटेने ओझे थेट पाठीवर उतरते. टांगेवाला आपल्याला पुढे सरका, जरा मागे रेला असे सांगे, तेव्हा तो इतरांसाठी जागा करीत आहे असे आपल्याला लहानपणी वाटत असे. वस्तुतः त्याची नजर दांड्यांच्या टोकांवर असे.

ओढीच्या भाराची गोष्ट याहून निराळी. नियमित वाचकांना लफेव्र द नोएत हे फ्रेंच घोडदळातील अधिकारी आठवत असतील, ज्यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात प्राचीनांचा साज घोड्याचा गळा आवळीत होता असा सिद्धांत मांडला, आणि स्प्रूइत यांनी जुन्या साजाच्या प्रतिकृती घोड्यांवर चढवून त्याला दिलेला छेदही आठवत असेल. तो वाद येथे पुन्हा उकरत नाही. भरीव गळपट्ट्याने ओढ खांद्यावर नेली एवढे निश्चित, आणि भार जेथे जातो तेथे व्रणाचे भयही त्याच्या पाठोपाठ जाते. घोड्याला मनुष्यासारखे गळ्याचे हाड नसते. त्याचा पुढचा पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेला असल्यामुळे प्रत्येक पावलागणिक खांद्याचा फरा कातडीखाली मागेपुढे सरकत असतो, आणि गळपट्टा टेकवावयाचा तो याच हलत्या जागेवर. युरोपातील कारागीर त्यात राय या धान्याचा लांब पेंढा ठासून भरीत, वरून लाकडाच्या किंवा धातूच्या दोन वक्र पट्ट्या कशीत आणि ओढीचे पट्टे त्यांना जोडीत, म्हणजे ओढ एका रेषेत न बोचता भरतीच्या साऱ्या रुंदीवर पसरे. गळपट्ट्याच्या तळाशी, तो आणि श्वासनलिका यांच्यामध्ये सपाट तळहात शिरला पाहिजे, ही त्याच्या मापाची परीक्षा. ढिला गळपट्टा घट्ट गळपट्ट्याइतकाच घातक, कारण तो प्रत्येक पावलाला घासतो. आणि कामाच्या दिवसांत घोडा वाळला म्हणजे महिन्यापूर्वी नेमका बसणारा गळपट्टा ढिला होतो, तेव्हा आतून नमद्याची किंवा कापडाची निराळी गादी लावून तेवढे अंतर भरून काढावे लागते.

आता ज्या शब्दासाठी हा सारा लेखांक खर्ची पडला तरी मला खंत वाटणार नाही, त्या शब्दाकडे वळतो. खोगीर हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ घाम टिपून घेणारे. पाठ आणि ओझे यांच्यामध्ये राहून घाम प्यावा, धक्का सोसावा आणि दाब वाटून द्यावा, एवढेच त्याचे काम, आणि ते काम करते ती त्याच्या पोटातील भरती. त्याच कुळातला नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड वस्त्र, आपल्याकडील पलटणींच्या संगतीने इंग्रजी भाषेत गेला आणि किंचित अपभ्रंश होऊन तेथील स्वारांच्या तोंडी आजही खोगिराखालच्या गादीचे नाव म्हणून नांदतो आहे. आपण मात्र खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी पसाऱ्याला लावून मोकळे झालो! ग्रंथात पाने वाढवली, सभेत माणसे जमवली, पंगतीत पदार्थ वाढवले, की खोगीरभरती. टाकाऊ लोकर, चिंध्या, काथ्या, पेंढा असा ऐवज खोगिरात जात असे, म्हणून हा अर्थ रूढ झाला असावा. पण वस्तू टाकाऊ असली म्हणून तिचे कार्य टाकाऊ ठरत नाही, आणि हा शब्द हिणवण्यासाठी वापरताना आपण ज्याच्या पाठीवर बसून इतिहास घडवला त्या जनावराचा विचार केलेला नाही, असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे.

माझी ही समजूत घडली ती एका जिनगराच्या पडवीत. जीन करणारा तो जिनगर, हा शब्दही फारसी वळणाचा. आणि त्या वृद्ध कारागिराच्या रापी, आरी, दाभण आणि मेण लावलेला दोरा यांच्या सान्निध्यात मी तरुणपणी अनेक दुपारी घालवल्या. एके दिवशी एक टांगेवाला फुगलेल्या खांद्याच्या घोड्याचा साज घेऊन आला आणि दुखऱ्या जागेवर आणखी चार बोटे भरती घालून द्या म्हणाला. त्या विनंतीत मला काहीच वावगे दिसले नाही. वृद्धाने मात्र साज उलटा केला, घाव कोठे आहे ते टांगेवाल्याकडून चुन्याचे बोट लावून दाखवून घेतले, नेमक्या त्या ठिकाणी शिवण उसवली आणि आतली भरती बाहेर काढून टाकली. मग त्या पोकळीच्या चहूंकडे राहिलेली भरती पुन्हा सारखी करून शिवण घातली. साज चढला तेव्हा भार घावाच्या सभोवार टेकला आणि घाव मोकळ्या हवेत राहिला. घट्ट जोड्यात बोट चेपत असेल तर दोन पायमोजे घालून ते बरे होत नाही, तसेच दुखऱ्या जागेवर गादी वाढवली तर तेथेच उंचवटा होऊन दाब वाढतो. पुढे पाश्चात्त्य देशांतील साजाच्या कारागिरांतही घावासमोर अशी पोकळी कोरण्याचा शिरस्ता असल्याचे वाचले, तेव्हा त्या वृद्धाविषयीचा माझा आदर द्विगुणित झाला. भरती कोठे घालावी हे शिकता येते. ती कोठे नसावी हे ज्याला उमगले तो खरा जिनगर.

परंतु जिनगराची कारागिरी मोतद्दाराच्या आळसापुढे टिकत नाही. घाम वाळला म्हणजे त्यातील मीठ गादीवर राहते, त्यात धूळ मिसळते, आणि काल मऊ असलेले कापड आज कानसासारखे होते. म्हणून साज उतरल्यावर गादी झटकून उन्हात टाकावी, भरतीच्या गाठी हाताने फोडाव्या, आणि साज चढवण्यापूर्वी खरारा करून पाठीवर काडी वा मातीचा खडा राहिला नाही याची खातरजमा करावी. जुन्या घोडदळात आणखी एक शिस्त होती. मजल संपल्याबरोबर खोगीर ओढून काढीत नसत. आधी तंग सैल करून पाठ थोडी निवू देत, म्हणजे दबलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त हळूहळू परतून सूज येण्याचे टळे.

कायद्यानेही या विषयाची दखल घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे जखम किंवा व्रण असल्यामुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामास जुंपणे हा अपराध आहे. आणि १९६५ च्या नियमांनी घोड्याच्या दुचाकी गाडीला साध्या चाकांवर ५०० किलोग्रॅम आणि हवेच्या रबरी धावेवर ७५० किलोग्रॅम अशी ओझ्याची मर्यादा मुक्रर केली. या दोन आकड्यांतील २५० किलोग्रॅमचे अंतर मला फार बोलके वाटते, कारण घोड्याला सुख देणारी गादी केवळ त्याच्या अंगावरच असते असे नाही, ती चाकालाही गुंडाळता येते, हे त्यातून सिद्ध होते. मुंबईच्या व्हिक्टोरियांवर २०१५ साली उच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि ते पर्व संपले. पण माथेरानच्या वाटांवर आणि लग्नाच्या वरातींत घोडे आजही राबत आहेत, तेव्हा ही विद्या दप्तरदाखल करण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

मिरजेच्या बाईंना शेवटी एवढेच लिहावेसे वाटते. घाव एकदा भरून त्यावर केस उगवले, याचा अर्थ त्यानंतर आपल्या वडिलांनी घोडीला विश्रांती दिली, खोगिराची भरती बदलली आणि गाडीचा तोल सांभाळला. तसे नसते तर तेथे रुपयाएवढे पांढरे ठिपके राहिले नसते, उघडी, केसहीन चकंदळे राहिली असती. त्यांनी त्या खुणांना लक्ष्मीची पावले म्हटले तेही मला खोटे वाटत नाही. आपल्या घरी मीठभाकर आली, आपल्या शाळेची फी भरली गेली, ती लक्ष्मी त्याच पाठीवरून चालत आली होती, आणि ती जेथे टेकली तेथे तिची पावले उमटली. आपल्या आईचे हळदकुंकवाचे बोट अगदी योग्य जागी पडत होते.

लोखंडी धाव, ती तापवून चाकावर चढवण्याची लोहारांची रीत, आणि तिची जागा घेणारे रबर, हा मजकूर आता पुढील लेखांकात.