पाळी सुटल्यानंतरचा डाव

कामगाराविषयी बोलावयाचे म्हणजे पगार, बोनस, महागाई भत्ता आणि संप या चार गोष्टींवर बोलावयाचे, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु कामगार हा काही यंत्रापुढे उभा असतानाच माणूस असतो असे नव्हे. गेटबाहेर पडल्यावर तो काय करतो, काय खेळतो, कोणाबरोबर खेळतो, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण त्याचे धागे थेट कामाच्या तासांपर्यंत जाऊन पोचतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांना खेळातून ना नोकरी मिळाली ना नाव मिळाले, जे केवळ हौसेने खेळतात, अशा साध्या खेळगड्यांविषयी येथे चार शब्द सांगण्याचा आमचा विचार आहे.

खेळाला आधी वेळ लागतो, आणि वेळ हा कामगाराला कोणी दान दिलेला नाही. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही मागणी इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने मांडली, त्याला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या मुंबईत गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवससुद्धा हक्काचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा स्थापन केली, निवेदने दिली, १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमविले, आणि त्याच वर्षीच्या १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी जो मुलगा बॅट घेऊन मैदानावर जातो त्याला लोखंड्यांचे नाव ठाऊक नसते; पण त्याचा पहिला चेंडू त्यांनीच टाकलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली, आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतीची आणि जेवणाची खोली असावी, असेही त्या कायद्यात होते. या अर्ध्या तासाने एक मोठी गंमत केली. त्याने कारखान्यात कॅरम आणला.

आमच्या पट्ट्याचा इतिहास तसा अलीकडचा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरी या खेड्यांच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. साताऱ्याहून, सोलापुराहून, मराठवाड्यातून माणसे आली. कायम नोकरी, वसाहतीत घर, आणि संध्याकाळ आपली. तेव्हा भजनी मंडळे निघाली, नाटके बसली, कबड्डीचे संघ झाले, आणि जेवणाच्या सुटीत चपाती-भाजी दहा मिनिटांत आटोपून उरलेली वीस मिनिटे कॅरमच्या पाटाभोवती जाऊ लागली.

कॅरम हाच खेळ का, याचा विचार करण्यासारखा आहे. एकोणतीस इंच लांबी-रुंदीचा पाट, नऊ पांढऱ्या सोंगट्या, नऊ काळ्या, एक लाल राणी, एक स्ट्रायकर आणि चिमूटभर पावडर, एवढ्यावर चार माणसे खेळतात आणि दहा माणसे पाहतात. डाव वीस मिनिटांत बसतो. अंगात ताकद नको, शाळा नको, इंग्रजी नको. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, नाही तर ती परत पाटावर येते. हा नियम साहेबाला आणि हेल्परला सारखाच. दिवसभर ज्याच्या हुकुमाखाली काम करावयाचे त्या सुपरवायझरला त्या वीस मिनिटांत हरविता येते, आणि तोही हसत हरतो. खेळाचा हा गुण फार मोठा आहे. पाटाभोवती बसलेल्या मंडळींची हुद्द्याची पाटी तेवढ्यापुरती पुसली जाते.

या हौसेला सरकारचाही हात लागला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. वाचनालये, खेळ, करमणूक यांसाठी हा निधी आहे. कामगार कल्याण केंद्रे आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा त्यातूनच चालत आल्या. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून, यासाठी कामगाराची किरकोळ वर्गणी कापली जाते आणि मालकही आपला वाटा भरतो. आम्ही तरुण कामगारांना पगारपत्रक उघडून ती कपात दाखवितो, तेव्हा त्यांना नवल वाटते. आपल्या खेळासाठी आपणच पैसे भरतो आणि केंद्राचा पत्ता मात्र आपल्याला ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे.

आता चाकणकडे वळू. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारींचे नि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात उभे राहिले. येथे येणारा मुलगा बहुधा आयटीआय किंवा बारावी झालेला, बीड, लातूर, नांदेड, नाही तर बिहार-उत्तर प्रदेशचा. तो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर काही महिन्यांपुरता असतो. राहतो चार-पाच जणांच्या खोलीत, जेवतो मेसमध्ये. पाळी दर आठवड्याला बदलते. पुष्कळ कारखान्यांची सुटी गुरुवारी, कारण विजेचा भार वाटून देण्यासाठी या भागात तो दिवस ठरविला गेला. म्हणजे ज्या रविवारी इतर लोक मोकळे त्या रविवारी हा कामावर, आणि ज्या गुरुवारी हा मोकळा त्या गुरुवारी सारे जग कामावर. मैदान नाही, वसाहत नाही, ओळखीचे मंडळ नाही. त्याच्याजवळ आहे तो हप्त्यावर घेतलेला मोबाइल. तेव्हा त्याचा खेळ मोबाइलमध्ये गेला, यात त्याचा दोष कोणता?

घरोघरच्या वडीलधाऱ्यांना मुले तासन्‌तास त्या काचेत काय पाहतात हे कळत नाही, म्हणून तो खेळ थोडा समजावून सांगतो. बीजीएमआय या नावाने तो ओळखला जातो. त्याचा आधीचा अवतार पब्जी. त्यावर २०२० च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने बंदी घातली. २०२१ साली तो नव्या नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि २०२३ मध्ये परत सुरू झाला. यात शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. हातात काही नसते. घराघरांतून हत्यारे, औषधे गोळा करावयाची. नकाशावर एक वर्तुळ असते, ते हळूहळू आक्रसत जाते आणि बाहेर राहील तो मरतो. शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. अर्ध्या तासात डाव संपतो. बहुधा चौघांचा संघ असतो आणि चौघे कानाला यंत्र लावून एकमेकांशी सतत बोलत असतात.

या बोलण्यातच सारे मर्म आहे. आम्ही अशा खोल्यांतून जाऊन बसलो आहोत. संघातला एक जण निघोज्यात असतो, दुसरा रांजणगावला, तिसरा गावी शेतावर आणि चौथा तिसऱ्या पाळीला जाण्याच्या तयारीत. गोळीबार चालू असतानाच गावी पाऊस झाला का, कोणत्या कंपनीत भरती निघाली, कोणता कंत्राटदार पैसे बुडवितो, या साऱ्या बातम्या होतात. पूर्वी जे पारावर आणि कॅरमच्या पाटाभोवती घडत होते तेच येथे घडते. म्हणून हा खेळ म्हणजे निव्वळ वाया गेलेला वेळ, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. पारावर बसणाऱ्यालाही एके काळी लोक रिकामटेकडाच म्हणत होते.

मग सारेच ठीक आहे काय? तसेही नाही. खेळ कोणता आणि फास कोणता, हे ओळखण्याच्या आमच्या मते तीन खुणा आहेत. पहिली, वाटेल तेव्हा उठता येते का? दुसरी, हरल्यावर पोटाला चिमटा बसतो का? तिसरी, डाव संपल्यावर सोबती उरतात का? कॅरम या तिन्ही कसोट्यांना उतरतो. सोबत्यांशी मर्यादेत खेळलेला बीजीएमआयही बहुधा उतरतो. झोप मोडून खेळला तर पहिल्याच कसोटीला नापास होतो, आणि रात्रीचा जागा राहिलेला मुलगा सकाळी प्रेसवर उभा राहिला तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. पैशावरचा खेळ मात्र तिन्ही कसोट्यांना नापास होतो.

पैशावरच्या मोबाइल रमीचा हिशेब सोपा आहे. समजा चौघांनी प्रत्येकी शंभर रुपये लावले, आणि खेळ चालविणारा दर शंभरामागे दहा रुपये घेतो. एका डावात त्याच्या खिशात चाळीस रुपये गेले. चौघांनी असे दहा डाव खेळले की त्याच्याकडे चारशे रुपये जमा झाले, म्हणजे चौघांनी पहिल्या डावात मांडलेली सगळी रक्कम. चौघांपैकी कोण जिंकले, कोण हरले, हा प्रश्नच गौण आहे. न खेळता दर डावाला जिंकतो तो पाचवा. हा पाचवा गडी आला की खेळाचा धंदा झाला.

हा पाचवा गडी नवा नाही. १९५० च्या सुमारास तो वृत्तपत्रांतील बक्षिसांच्या शब्दकोड्यांतून आला होता. त्यासाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे मुंबईच्या गिरणगावात तो मटक्याच्या रूपाने आला. त्याचा आकडा आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावरून काढीत असत. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. मोबाइलवरच्या कंपन्यांनी हे वाक्य ढालीसारखे पुढे केले. परंतु जागेचा मालक त्या खेळातून नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले होते. ते त्यांनी सांगितले नाही. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. त्यात खेळांचे तीन वर्ग पाडले: ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे खेळ आणि पैशांचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन आणि तिसऱ्याला बंदी, असे त्याचे सूत्र आहे. पैशांचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. गुन्हेगार आणि फसलेला यांत कायद्याने केलेला हा फरक आम्हाला योग्य वाटतो.

पण कायदा दार बंद करतो; दुसरे दार उघडण्याचे काम समाजाचे. आणि येथे पुन्हा वेळेचाच प्रश्न पुढे येतो. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास वाढत नाहीत, असे त्यावर उत्तर दिले जाते. परंतु बारा तासांचा दिवस मांडून पाहावा. बारा तास काम, बसने जाण्या-येण्यास दोन, झोपेस सात, आंघोळ, कपडे, मेस आणि पाण्याची रांग यांस दोन. उरला एक तास. त्या एका तासात माणूस मैदानावर जाणार नाही, नाटक बसविणार नाही. तो आडवा पडून मोबाइलच उघडील. वेळ जितका तुटपुंजा, तितका खेळ एकलकोंडा होतो.

स्त्री-कामगारांचे तर तेवढेही नाही. वायरिंगच्या नि असेंब्लीच्या कामावर असंख्य स्त्रिया आहेत. कंपनीच्या बसमध्ये, घर येईपर्यंतच्या वाटेत, शेजारणीबरोबर मोबाइलवर लुडोचा एक डाव, एवढाच त्यांचा फावला वेळ. घरी पोचल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होते. खेळाची चर्चा करताना पुरुषांपुरताच विचार करणे म्हणजे अर्ध्या पाटावर कॅरम खेळण्यासारखे आहे.

यावर उपाय काही जगावेगळे नाहीत. मागणीपत्रात पगाराच्या आकड्याखाली आणखी चार ओळी असाव्यात: महिनाभर आधी ठरलेले पाळीपत्रक, विश्रांतीच्या खोलीत कॅरमचे पाट आणि बुद्धिबळाचे पट, तेही कंत्राटी कामगारांना खुले, गुरुवारी उघडे राहणारे कल्याण केंद्र आणि मैदान, आणि स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीची वेळ. मोबाइलवरच्या खेळाचीही कारखान्या-कारखान्यांत, बिनपैशाची, सर्वांना एका सभागृहात आणणारी स्पर्धा घेण्यास हरकत नाही. दूर दूर बसून एका संघात खेळणारी मुले एकदा एकमेकांसमोर येऊन बसली, की खेळाखेरीज बोलण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ असते.

व्याख्यानाला येऊन बसणे हीसुद्धा एक हौसच आहे. ज्यांना संध्याकाळ मोकळी मिळते तेच येथे येऊ शकतात. ती संध्याकाळ महाळुंग्याच्या खोलीतल्या मुलालाही मिळावी. मग त्याने व्याख्यान ऐकावे, कॅरम खेळावा, की बेटावर उतरून वर्तुळात धावावे, हे त्याचे त्याने ठरवावे. वेळ त्याचा असला म्हणजे झाले.