चेतापेशीला पुन्हा वाढायला कोण सांगतं?

काचेने मनगट खोलवर कापलं आणि आतला मज्जातंतू तुटला, तर शल्यचिकित्सक त्याची टोकं जुळवून शिवतात. मग दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने त्यातले अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, वाढू लागतात आणि काही महिन्यांनी बोटांना स्पर्श कळू लागतो. अपघातात मज्जारज्जू तुटला, तर मात्र ही वाढ जवळपास होतच नाही. एकाच शरीरात हा भेद का?

स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं, की मज्जारज्जूतले तुटलेले तंतू थोडे अंकुरतात आणि थांबतात. १९८१मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी पायाच्या मज्जातंतूचा तुकडा उंदरांच्या मज्जारज्जूला जोडला. मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यात शिरून सुमारे तीन सेंटीमीटर वाढले. मज्जारज्जूतला परिसर वाढीला मारक आहे, हे त्यातून दिसलं. पण दोष एकट्या परिसराचा नव्हता.

मणक्यांलगतच्या गाठींमध्ये संवेदना वाहणाऱ्या चेतापेशी असतात. प्रत्येकीच्या तंतूला दोन फाटे फुटतात. एक त्वचेकडे, दुसरा मज्जारज्जूत. त्वचेकडचा फाटा तुटला तर तो वाढतो, मज्जारज्जूतला तुटला तर वाढत नाही. पेशी तीच, जनुकंही तीच. १९९९मध्ये क्लिफर्ड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी उंदरांत त्वचेकडचा फाटा आधी जखमी केला आणि आठवड्याने मज्जारज्जूतला तोडला. या वेळी मज्जारज्जूतला फाटाही जखम ओलांडून वाढला. परिसर बदलला नव्हता, बदलली होती पेशी.

हा बदल जनुकांच्या नियंत्रणातून येतो. तंतू तुटताच कॅल्शियमची लाट पेशीकेंद्राकडे धावते. तिच्यामागून वाहक प्रथिनं जखमेचा निरोप घेऊन पोचतात. केंद्रातला डीएनए ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. घडी आवळलेली असेल, तर आतलं जनुक वाचलं जात नाही. एचडॅक-५ हे विकर घडी आवळून ठेवतं. निरोप आला, की ते केंद्राबाहेर पडतं आणि घडी सैल होते. मग एटीएफ-३, सी-जुन, स्टॅट-३ ही नियंत्रक प्रथिनं डीएनएवर बसून वाढीची जनुकं सुरू करतात. संदेशवहनाची नेहमीची कामं मंदावतात आणि पेशी तंतू बांधायला लागते. मज्जारज्जूतल्या जखमेचा निरोप मात्र केंद्रात एवढी उलथापालथ घडवत नाही.

मग हा कार्यक्रम बाहेरून सुरू करता येईल का? २००८मध्ये बॉस्टनमध्ये झीगांग हे यांच्या गटाने उंदरांच्या नेत्रपटलातल्या चेतापेशींतलं पीटेन हे वाढ रोखणारं जनुक काढून टाकलं. इजा झालेल्या नेत्रतंतूत तंतू पुन्हा वाढले. २०२०मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशीच्या अवस्थेत नेणाऱ्या, शिन्या यामानाका यांनी शोधलेल्या चारपैकी तीन नियंत्रक प्रथिनांची जनुकं उंदरांच्या डोळ्यांत सुरू केली. तिथेही तंतूंनी उभारी धरली.

हे सारं उंदरांत घडलं आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला आज देण्याजोगं औषध यातून तयार झालेलं नाही, आणि तसं आश्वासन कुणी विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहावं. पीटेन शरीरात कर्करोगही रोखतं, त्यामुळे ते कायमचं बंद ठेवणं धोक्याचं आहे. शिवाय तंतू नुसता लांबून भागत नाही. त्याला नेमकी जोडी सापडावी लागते, तिच्याशी जोडणी व्हावी लागते आणि मग वाढ थांबावी लागते.

तरीही प्रश्न बदलला आहे, आणि हे मोठं आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतली प्रौढ चेतापेशी पुन्हा वाढूच शकत नाही, असं मानलं जायचं. आता विचारलं जातं, की कोणती जनुकं, कोणत्या पेशींत, किती काळ सुरू ठेवायची. या प्रश्नांची उत्तरं प्रयोगशाळेत शोधता येतात, आणि म्हणूनच या संशोधनाला सातत्याने पैसा आणि वेळ मिळायला हवा.