झूम भिंग, जुने
(छायाचित्रण). ज्या संयुक्त भिंगातील काही घटक पुढेमागे सरकवून त्याचे केंद्रांतर ठराविक मर्यादेत सलगपणे बदलता येते, त्याला झूम भिंग म्हणतात. १९८५ नंतर स्वयंचलित केंद्रीकरणाचे कॅमेरे रूढ झाले. त्यापूर्वीच्या भिंगांचे केंद्रीकरण हाताने कडे फिरवून करावे लागे. ३५ मिमी. फिल्मच्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांवर अशी भिंगे आजही वापरतात. पण ती बहुधा वापरलेलीच मिळतात. भिंगातील दोष ३६ चित्रांची फिल्म विकसित झाल्यावरच उघड होतो, म्हणून पारख खरेदीपूर्वीच करावी लागते.

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी व्यापारी प्रमाणावर निघालेले पहिले झूम भिंग म्हणजे फोक्टलेंडर कंपनीचे ३६–८२ मिमी. ‘झूमार’ (१९५९). त्याची रचना फ्रँक जी. बॅक यांची होती. निकॉन कंपनीचे ४३–८६ मिमी. भिंग (१९६३) फार खपले. तथापि त्याच्या पहिल्या आवृत्तीत सरळ रेषा वाकड्या येण्याचा दोष ठळक होता. केवळ नावावर विसंबणेही बरे नव्हे. व्हिव्हिटार कंपनीचा स्वतःचा कारखाना नव्हता. तिची भिंगे निरनिराळ्या उत्पादकांनी बनविलेली असून त्यांचा दर्जा सारखा नाही.

सर्वप्रथम भिंगाची बैठक कॅमेऱ्याशी जुळते की नाही, हे पाहतात. बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते : ४२ मिमी. व्यासाच्या आट्यांच्या व पेंटॅक्स-के बैठकीत ४५·४६ मिमी., निकॉन-एफमध्ये ४६·५ मिमी., तर कॅनन-एफडीमध्ये ४२ मिमी. त्यामुळे आट्यांचे भिंग पातळ जोडकड्याने पेंटॅक्स-के कॅमेऱ्यावर चालते. निकॉनवर मात्र साध्या जोडकड्याने दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. भारतात पुष्कळांच्या हाती असलेल्या रशियन झेनिट-ई कॅमेऱ्यात भिंगाची द्वारक-पिन दाबण्याची सोय नाही. त्यासाठी द्वारक हाताने मिटविता येईल असा खटका भिंगावरच हवा. १९७७ पूर्वीचे, फेरफार न केलेले निकॉन भिंग एफएम-२ कॅमेऱ्यावर बसविल्यास प्रकाशमापकाची खुंटी मोडण्याचा धोका असतो.

केंद्रांतराचा पल्ला विषयावरून ठरतो. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात याची दोन टोके आढळतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात काळवीट जवळ येऊ देत नाही. तेथे ७०–२१० मिमी. भिंगाचे लांबचे टोकही अपुरे वाटते. याउलट रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या आतील कोरीव कामासाठी २८ किंवा ३५ मिमी.पासून सुरू होणारे भिंग लागते. २०० मिमी.वर हातात धरलेल्या कॅमेऱ्याने सु. १/२५० सेकंदाहून मंद झडपवेग घेतल्यास चित्र हलते. सकाळच्या कोवळ्या उन्हात १०० वेगाच्या फिल्मवर एफ/४ ला साधारण १/१२५ सेकंद मिळतो, म्हणजे तो पुरत नाही. ४०० वेगाची फिल्म किंवा तिपाई वापरावी लागते. एफ/५·६ पेक्षा लहान द्वारकाच्या भिंगामुळे दृश्यदर्शकातील दुभंग-प्रतिमेचा अर्धा भाग काळवंडतो आणि केंद्रीकरण अवघड होते. म्हणून सर्व केंद्रांतरांना एफ/३·५ किंवा एफ/४ कायम ठेवणारे भिंग जड असले, तरी अधिक उपयोगी पडते.

झूम भिंगात काचेचे घटक दहा-पंधरापर्यंत असतात. घटक जितके जास्त, तितक्या बुरशी व धूळ साचण्याच्या जागा जास्त. अकोले तालुक्यात घाटघर, भंडारदरा या भागांत पावसाळ्यात अतिवृष्टी होते, तर जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग पर्जन्यछायेत येतो. पहिल्या भागात वापरलेल्या भिंगात बुरशीचे तंतू शोधावेत, दुसऱ्या भागातील भिंगात सरकत्या नळीत शिरलेली धूळ. एकच कडे फिरवून केंद्रीकरण व ओढून केंद्रांतर बदलण्याच्या भिंगात ही धूळ विशेष शिरते, शिवाय नळी सैल झाली की भिंग खाली धरताच आपोआप घसरते.

तपासणी सोपी आहे. द्वारक पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकला असता कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, दुधी झाक किंवा चिकटविलेल्या काचा सुटल्याचे रंगीत डाग दिसतात. बारीकसारीक धुळीने चित्र सहसा बिघडत नाही. बुरशीने मात्र परावर्तनरोधी लेप खाल्ला असेल, तर तो पुसून परत येत नाही. द्वारकाच्या पाकळ्यांवर तेल असल्यास त्या मंद मिटतात व चित्र जास्त उजळते. सर्वांत लांब केंद्रांतराला केंद्रीकरण करून भिंग आखूड करावे. तरीही प्रतिमा स्पष्ट राहिली, तर घटकांची जुळणी शाबूत आहे. रेषांचे विरूपण पाहण्यासाठी शहराजवळच्या सलाबतखानाच्या अष्टकोनी कबरीसारखी (चाँदबीबीचा महाल) सरळ कडांची वास्तू उत्तम. बहुतेक झूम भिंगांत आखूड टोकाला कडा बाहेर फुगतात व लांब टोकाला आत खेचल्या जातात. भिंग चामड्याच्या पेटीत दीर्घकाळ ठेवू नये. चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून तापवून वाळवाव्यात.