परदेशातली फौज आणि शाळेतलं दूध

मागच्या वेळी आपण देशाच्या अंदाजपत्रकावर बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून एकच प्रश्न आला. अमेरिका दुसऱ्यांच्या देशांत तळ बांधून सैन्य ठेवते, ते तिला परवडतं कसं? एका ताईंनी पुढे हेही विचारलं, की इथे शेताला कुंपण घालायचं तर दोन हंगाम थांबावं लागतं, मग हजारो मैलांवरची राखण कोणत्या पैशातून होते?

उत्तर शोधताना आम्ही आधी ब्रिटनकडे वळलो. अमेरिकेचं खातं अजून चालू आहे. ब्रिटनचं बरंचसं बंद झालंय, म्हणून ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचता येते. शिवाय त्या वहीत आपल्या आजोबा-पणजोबांची पानं आहेत.

ती पानं आधी पाहू. ब्रिटनचं राज्य जवळजवळ पाव जगावर होतं, पण त्याची पुष्कळशी फौज भारतातली होती आणि तिचा नेहमीचा पगार-पाणी भारताच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा आणि मिठावरच्या करातून निघत असे. गोपाळ कृष्ण गोखले 1897 साली लंडनला गेले आणि वेल्बी आयोगापुढे या लष्करी खर्चाचा हिशेब त्यांनी मांडला. त्यानंतरही फार फरक पडला नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये कूत नावाच्या गावी जी फौज वेढ्यात अडकली आणि एप्रिल 1916 मध्ये शरण गेली, ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढच्याच वर्षी भारताच्या नावावर ब्रिटनला 10 कोटी पौंडांची युद्ध-देणगी लिहिली गेली. देणगी हा शब्द त्यांचा. ती द्यायची की नाही, हे इथल्या रयतेला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात हिशेब बदलला. भारतीय सैन्य परदेशात वापरलं तर जादा खर्च ब्रिटनने द्यायचा, असं ठरलं. आपल्या रायगडचे यशवंत घाडगे 1944 साली इटलीत लढताना पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा लाखो जवानांचा आणि मालाचा खर्च ब्रिटनच्या नावावर चढत गेला आणि युद्ध संपेपर्यंत ब्रिटन भारताचं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होतं. सावकार आणि कुळाची जागाच बदलली! तिकडे अमेरिकेकडूनही ब्रिटनला 375 कोटी डॉलर कर्ज घ्यावं लागलं. त्याचा शेवटचा हप्ता 2006 सालच्या डिसेंबरात फिटला.

1947 ला भारत स्वतंत्र झाला. म्हणजे ब्रिटनच्या हातून दुसऱ्याच्या पैशावर चालणारी फौज गेली. पण सिंगापूर, मलाया, एडन, आखातातले तळ होते तिथेच राहिले, आणि त्यांचा खर्च आता स्वतःच्या खिशातून करायचा होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. समजा, आपल्या गटाने डाळमिल घातली. गावातल्या बायकांना दिलेली मजुरी गावातच फिरते. वाण्याकडे जाते, शिंपिणीकडे जाते, थोडी आपल्या बचतीत परत येते. पण डिझेलचा पैसा गावाबाहेर जातो तो जातोच. तो भरून काढायला डाळ बाहेर विकावी लागते. देशाचंही तसंच आहे. सैनिक देशातच छावणीत असला तर त्याचा पगार देशातल्या दुकानांत खर्च होतो. तोच त्या काळी जर्मनीत असला तर मार्क लागत, सिंगापुरात असला तर तिथले डॉलर. ते परकीय चलन माल विकून मिळवावं लागतं. ब्रिटनची निर्यात आयातीला पुरत नव्हती, त्यात जर्मनीत पन्नास हजारांवर सैनिक आणि पूर्वेकडे हे सगळे तळ. दर थोड्या वर्षांनी गंगाजळी आटायची आणि पुन्हा कर्ज काढायचं.

शेवटी 18 नोव्हेंबर 1967 ला पौंडाची किंमत उतरवावी लागली. 2 डॉलर 80 सेंटचा पौंड 2 डॉलर 40 सेंटवर आला. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी दूरदर्शनवरून लोकांना सांगितलं, की तुमच्या खिशातल्या किंवा पर्समधल्या पौंडाची किंमत कमी झालेली नाही. आता ज्या देशात गहू, लोणी, मांस बरंचसं बाहेरून येतं, तिथे हे कोणत्या बाईला पटणार? लोकांनी ते वाक्य त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

पुढच्या जानेवारीत विल्सन यांनी संसदेत कपातीची यादी वाचली. ही यादी आम्हाला फार बोलकी वाटते. 1971 संपेपर्यंत सिंगापूर, मलेशिया आणि इराणच्या आखातातून फौज परत आणायची. अमेरिकेकडून घ्यायची 50 एफ-111 विमानं रद्द. आणि त्याच यादीत, त्याच दिवशी, माध्यमिक शाळांतलं मोफत दूध बंद. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं औषध तीन वर्षांपूर्वी याच सरकारने मोफत केलं होतं, त्याला पुन्हा पैसे. मुलांना 16 वर्षांपर्यंत शाळेत ठेवायचा कायदा दोन वर्षं पुढे. या शाळेच्या मुद्द्यावर लॉर्ड लाँगफर्ड यांनी मंत्रिपद सोडलं. दूध बंद केल्याचा बोल पुढे मार्गारेट थॅचर यांना फार लागला, कारण 1971 साली त्यांनी सातच्या वरच्या लहान मुलांचंही दूध काढलं. पण सुरुवात आधीच्यांनी केली होती.

फौज परत आणल्याने सगळे खूश झाले असंही नाही. सिंगापूरच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या तळांवर चालत होता. गोदीतले कामगार, आणि साहेबांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बाया, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न होता. तिथले पंतप्रधान ली क्वान यू धावत लंडनला गेले. त्यांना काही महिन्यांची मुदत वाढवून मिळाली आणि सेंबावांगची आरमारी गोदी नाममात्र एका डॉलरला मिळाली. त्यांनी तिथे व्यापारी जहाजांची दुरुस्ती सुरू केली. आखातात तर शेख म्हणाले, थांबा, खर्च आम्ही देतो. तिथला खर्च वर्षाला सुमारे 1 कोटी 20 लाख पौंड, म्हणजे एकूण संरक्षणखर्चाच्या मानाने किरकोळ. पण ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांना भाडोत्री फौज व्हायचं नव्हतं. ब्रिटन निघालं, आणि 2 डिसेंबर 1971 ला दुबई, अबुधाबी आणि शेजारची राज्यं मिळून नवा देश झाला. कोकणातल्या कितीतरी घरांचा महिना आज तिथून येणाऱ्या पैशावर चालतो.

किरकोळ खर्चाचे तळ सोडले आणि जर्मनीतली महागडी फौज ठेवली, हे नुसत्या हिशेबात बसत नाही. तिथे रशियाची भीती होती आणि अमेरिकेची मैत्री सांभाळायची होती. आपणही अडचणीत आलो की लग्नाचा खर्च तसाच ठेवतो आणि दूध अर्धा लिटर कमी करतो, त्यातलाच हा प्रकार.

काही तळांचा खर्च मात्र कुठल्याच वहीत चढला नाही. हिंदी महासागरात चागोस बेटं आहेत. 1966 साली ब्रिटनने त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी द्यायचं कबूल केलं. भाडं घेतलं नाही, पण क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट गुपचूप पदरात पाडून घेतली. 1968 ते 1973 या काळात तिथल्या सगळ्या कुटुंबांना बेटांवरून हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन टाकलं. मॉरिशसच्या रस्त्यांवर उपोषणाला बसल्या त्या बहुतेक बायकाच. त्यांच्यात शार्लेशिया आलेक्सी आणि लिझेत तालात ही नावं पुढे होती. 1982 साली ब्रिटनने 40 लाख पौंड भरपाई दिली. घरी परत जाण्याची वाट पाहता पाहता शार्लेशिया आणि लिझेत दोघीही 2012 साली गेल्या.

आता अमेरिका. तिला ब्रिटनसारखी चणचण लवकर भासत नाही, कारण तिचं कर्ज तिच्याच चलनात आहे आणि तिचा डॉलर जगभर घेतला जातो. तळावरचा खर्च डॉलरमध्ये भागतो, आणि तेच डॉलर इतर देश अमेरिकेचे रोखे घेऊन परत तिच्याकडे ठेवतात. जपान आणि दक्षिण कोरिया तर आपल्याकडच्या अमेरिकन फौजेच्या खर्चाचा वाटाही उचलतात. त्यामुळे परवडतं का, याचं आजचं उत्तर हो असंच आहे. फक्त 2024 सालच्या हिशेबात एक नवी ओळ आलीय. त्या वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने कर्जावर भरलेलं व्याज तिच्या संपूर्ण संरक्षणखर्चाहून जास्त झालं.