दुष्काळ, वणवा आणि मातीतील ठेव



दुष्काळ म्हटला की आपल्या बीदर-कलबुर्गी भागात १९७२ सालची आठवण निघते आणि बोलणे विहिरी, चारा व धान्याकडे वळते. पण दुष्काळात झाडांचेही एक मोठे काम मंदावते. त्याविषयी येथे थोडे सांगत आहोत.

झाड हवेतील कर्बवायू घेऊन त्यापासून अन्न, लाकूड व मुळे बनविते. हा वायू पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून आत येतो. त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. जमिनीत ओल उरली नाही की झाड रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कर्बवायू घेणे कमी होते. युरोपात २००३ साली कडक उन्हाळा व दुष्काळ पडला, तेव्हा वनस्पतींची उत्पादकता सुमारे ३० टक्क्यांनी घटली. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने सुमारे चार वर्षांची कर्बाची बचत त्यात गेली.

दुष्काळामागून वणव्याचे भय येते. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वर्षानुवर्षे साठलेला कर्ब काही तासांत धूर होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्याच राज्यातील बंडीपूरचे हजारो एकर जंगल जळाले. आपल्या जवळचे चिंचोळी अभयारण्यही शुष्क पानगळीचे आहे. उन्हाळ्यात तेथे वाळक्या पानांचा थर असतो.

मग जंगल सावरते कसे? पहिल्या पावसात गवत फुटते, कारण मुळे जमिनीत जिवंत असतात. पळस व साग बुंध्यातून पुन्हा फुटतात. मोठ्या झाडाचे जळलेले लाकूड भरून येण्यास मात्र अनेक दशके लागतात. दरवर्षी आग लागली तर कोवळी रोपे मरतात, उघडी माती पावसात वाहून जाते आणि सावरण्याची संधीच राहत नाही.

म्हणून बांधावरचे गवत, तुरीची धसकटे व उसाचे पाचट पेटवू नये, अशी पालकांना आमची विनंती आहे. शाळेच्या आवारातील पालापाचोळाही यंदा न जाळता खड्ड्यात कुजवायचे आम्ही ठरविले आहे. कुजतानाही काही कर्बवायू सुटतोच; पण तो हळूहळू, आणि काही अंश मातीत राहून तिची ओल धरून ठेवतो. पुढच्या दुष्काळात हीच ओल झाडांच्या कामी येईल. खड्ड्याच्या खर्चास विश्वस्तांनी मान्यता द्यावी. पाने गोळा करण्याचे काम विद्यार्थी आनंदाने करतील, याची आम्हांस खात्री आहे.