चढावर सायकल : बसून की उभे राहून?

शाळकरी मुले, पोस्टमन व गोव्यातील पाव विकणारे पोदेर यांच्या सायकलींना पुष्कळदा गिअर नसतात. चढ लागताच स्वार आसनावरून उठून पायडल मारू लागतो. हे नेहमीच हितावह असते काय?

सायकल व स्वार मिळून ८० किलो वजन १० मीटर उंचीवर नेण्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ७,८०० जूल कार्य करावे लागते. बसले वा उभे राहिले तरी ते बदलत नाही. बदलतात ते शरीराचे श्रम. बसलेल्या स्वाराचा बराचसा भार आसन पेलते. उभ्या स्वारास तो हातापायांवर तोलावा लागतो. म्हणून मध्यम चढावर त्याच वेगाने जाताना प्राणवायू अधिक लागतो व हृदयाचे ठोके वाढतात. उलटपक्षी, उभे राहिल्याने देहाचे वजन पायडलवर पडून जोर वाढतो.

तात्पर्य, लांब व सौम्य चढ बसून, संथ व समान लयीने चढावा. आखूड, तीव्र चढापुरते उभे राहावे. मात्र साखळी सैल वा चक्राचे दाते झिजलेले असल्यास उभे राहणे धोक्याचे होय. साखळी घसरताच स्वाराचा तोल जाऊन तो कोसळतो. मागे मूल वा जड ओझे असल्यास उभ्या स्वाराच्या डोलण्याने सायकल कलंडू शकते. अशा वेळी उतरून चालावे. त्यात कमीपणा नाही. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांस आवर्जून समजावून द्यावी.